ड्रॅगन, हत्ती आणि कोपऱ्यातला माणूस

पुणे-नगर रोडने शिक्रापूर मागे टाकायचं, रांजणगावच्या महागणपतीला बसच्या खिडकीतूनच हात जोडायचे आणि मग पाट्या वाचायला सुरुवात करायची. एलजी म्हणजे कोरिया. हायर म्हणजे चीन. व्हर्लपूल म्हणजे अमेरिका. फियाट म्हणजे इटली, कारारो म्हणजे पुन्हा इटली. बेकार्ट म्हणजे बेल्जियम. कारेगाव येईपर्यंत अर्धा युनो होऊन जातो, तोही व्हेटोशिवाय! मोठ्या मोठ्या परिषदांमध्ये जे देश एकमेकांकडे बघायला तयार नसतात, ते इथे एकाच एमआयडीसीचं पाणी पितात. आणि दुपारी लाइट गेली की सगळ्या महासत्तांची एकदमच जाते.

माझी नोकरी याच पट्ट्यातली. त्यामुळे असेल, पण 'आंतरराष्ट्रीय संबंध' हा विषय आमच्या कंपनीच्या बसमध्ये भलताच लोकप्रिय आहे. आता सकाळी पावणेसहाला कोणी अग्रलेख वाचत नाही. आमचं सगळं परराष्ट्र धोरण मोबाइलवर येणाऱ्या कार्टून्सवर चालतं. अस्वल आणि ड्रॅगन गळ्यात गळे घालून बसलेत, अंकल सॅम खिडकीतून डोकावतोय, हत्ती कुठे बसावं या विचारात उभा. बघितलं, हसलं, पुढे ढकललं. वाघोली येईपर्यंत जगाचा निकाल लागलेला असतो.

मला ही चित्रं मनापासून आवडतात. शंभर पानांचं पुस्तक जे सांगायला दमतं, ते एक कार्टून चार रेघांत सांगून मोकळं होतं. यातला फंडा अगदी साधा आहे. अख्ख्या देशाचा एक प्राणी किंवा एक माणूस करायचा. रशियाचं अस्वल, ब्रिटनचा सिंह, चीनचा ड्रॅगन, अमेरिकेचा उंच टोपीवाला म्हातारा. एकदा देशाला शरीर मिळालं की त्याला लाज, राग, भूक, प्रेम सगळं देता येतं. तह झाला की मिठी, तह मोडला की लाथ. नात्यातल्या लग्नात कोण कोणाशी बोलत नाही हे जसं आपल्याला लांबून कळतं, तसं जगाचं राजकारण कळायला लागतं.

पण याच फंड्यात एक गोची आहे. देश म्हणजे एकच प्राणी असं चित्र काढलं की त्या देशातली बाकीची माणसं कागदावरून गायब होतात. अस्वलाच्या पोटात कोण राहतं? ड्रॅगनच्या शेपटीवर कोणाचं घर आहे? मित्र झाले, शत्रू झाले, पण त्याचं बिल कोणाच्या टेबलावर आलं? त्यामुळे मी हल्ली कार्टून बघताना मधल्या दोन दादा लोकांकडे आधी बघतच नाही. कोपऱ्यात बघते. तिथे कोणी बारकं माणूस उभं आहे का? असेल, तर ते कशासाठी आहे? तेवढ्यावरून मला चित्राची जात कळते. तुम्हीही करून बघा. आधी थोडा इतिहास सांगते, बोअर होणार नाही याची गॅरंटी.

या सगळ्या खानदानाचं खापरपणजोबा-चित्र म्हणजे जेम्स गिलरे या इंग्रज व्यंगचित्रकाराचं. साल १८०५, महिना फेब्रुवारी. एका टेबलावर वाफाळलेलं गोल पुडिंग आहे आणि ते पुडिंग म्हणजे पृथ्वी. एका बाजूला इंग्लंडचे पंतप्रधान पिट, काडीपैलवान. दुसऱ्या बाजूला बुटका नेपोलियन, खुर्चीवरून उठून ओणवा झालेला. पिट समुद्राचा मोठा काप घेतोय, नेपोलियन तलवारीने युरोप कापतोय. दोघांच्याही डोळ्यांत भूक. बस, एवढंच. दोनशेहून जास्त वर्षं झाली, पण जगात कुठेही दोन बडे नेते भेटले की कोणी तरी चित्रकार हेच पुडिंग पुन्हा ताटात वाढतो.

आता आपला माझा तो नियम लावू. कोपऱ्यात कोण आहे? कोणीच नाही. जग म्हणजे फक्त खायचा पदार्थ. आणि हे चित्र निघालं त्या वेळी त्या पुडिंगमध्ये आपला हा रस्तासुद्धा होता. दोनच वर्षं आधी, १८०३ च्या ऑगस्टमध्ये, जनरल वेलस्लीने अहमदनगरचा किल्ला घेतला होता. नगर म्हणजे आत्ताचं अहिल्यानगर, आमच्या बसने आणखी पुढे जात राहिलं तर येईल ते. पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा वेलिंग्टन तो हाच वेलस्ली. म्हणजे लंडनमध्ये लोक ज्या कापावर हसत होते, त्यातला एक तुकडा आपल्याकडेच पडत होता. पुडिंगला कोणी विचारत नाही, तसं शिरूर-नगरच्या माणसालाही कोणी विचारलं नव्हतं.

दुसरं चित्र १८७८ चं, लंडनच्या 'पंच' या साप्ताहिकातलं. चित्रकार जॉन टेनिअल. 'अ‍ॅलिस इन वंडरलँड'ची चित्रं काढणारा तोच. अफगाणिस्तानचा अमीर शेर अली मध्ये उभा. एका बाजूला रशियाचं अस्वल, दुसऱ्या बाजूला ब्रिटिश सिंह. दोघंही त्याचे 'मित्र' आणि दोघंही त्याच्याकडे जेवणाच्या ताटाकडे बघावं तसे बघतायत. या मित्रांपासून मला वाचवा, अशी त्याची अवस्था.

इथे गिलरेच्या पुढे एक पाऊल पडलंय. ज्याच्यावरून भांडण आहे तो निदान चित्रात आला. त्याला चेहरा मिळाला, भीती मिळाली. दोन मोठ्या साहेबांच्या मधल्या कुठल्याही मॅनेजरला हे चित्र बघून स्वतःची आठवण येईल. पण तिथेही हिशेब अर्धाच. ते चित्र छापून आलं तेव्हा दुसरं इंग्रज-अफगाण युद्ध सुरू झालेलं होतं आणि त्यात १८८० साली मैवंदच्या लढाईत मुंबई इलाख्याच्या पलटणी अक्षरशः कापल्या गेल्या. या पलटणींतले शिपाई ना अस्वलाचे होते, ना सिंहाचे. ते पगारावर गेले होते. अमिराला फ्रेममध्ये जागा मिळाली, त्यांना नाही.

तिसरं चित्र मात्र सगळ्यांचं बाप आहे. डेव्हिड लो, मूळचा न्यूझीलंडचा, काम लंडनच्या 'इव्हनिंग स्टँडर्ड'मध्ये. तारीख २० सप्टेंबर १९३९. त्याच्या आदल्या महिन्यात हिटलर आणि स्टॅलिन या जन्माच्या वैऱ्यांनी अनाक्रमणाचा करार करून जगाला चाट पाडलं होतं. १ सप्टेंबरला जर्मनी पोलंडमध्ये घुसला, १७ तारखेला दुसऱ्या बाजूने रशिया घुसला. लोने काय काढलं? पडक्या घरांच्या उजाड माळावर हिटलर आणि स्टॅलिन समोरासमोर येतात. दोघंही टोपी काढून, कमरेत वाकून, अगदी पार्टीत ओळख करून घ्यावी तसे एकमेकांना नमस्कार करतायत. एक विचारतो, पृथ्वीवरची घाण ती आपणच ना? दुसरा म्हणतो, कामगारांचा खुनी तो आपणच वाटतं? आणि दोघांच्या मध्ये, जमिनीवर, एक प्रेत पडलंय.

ते प्रेत नसतं तर चित्र फक्त विनोदी झालं असतं. दोन ढोंगी माणसं, भारी डायलॉग, हसलो, पान उलटलं. त्या आडव्या पडलेल्या माणसामुळे हसू घशात अडकतं. ही मैत्री कोणाच्या अंगावर उभी आहे हे लोने त्यात सांगून टाकलं. दोन वर्षांच्या आत, जून १९४१ मध्ये, हिटलरने रशियावर हल्ला केला आणि तेच अस्वल ब्रिटनच्या गोटात आलं. कार्टूनमधले प्राणी असे पार्टी बदलतात. जमिनीवरचा माणूस मात्र उठून बसत नाही.

लोला या चित्रांची किंमत माहीत होती. जर्मनीत त्याच्या चित्रांवर बंदी होती. युद्धाआधी खुद्द ब्रिटनच्या सरकारातल्या मोठ्या माणसांनी त्याला जरा हात आखडता घ्या असं सुचवलं होतं, कारण हिटलर चिडतो! आणि ब्रिटन जिंकल्यावर कोणाकोणाला पकडायचं याची नाझींनी जी यादी करून ठेवली होती, त्यात लोचं नाव होतं. 'नुसतं कार्टून तर आहे' असं म्हणणाऱ्यांना ही यादी दाखवावी.

बाय द वे, महासत्तांच्या या मैत्रीचा धडा आपल्याकडे फार आधी गिरवून झालाय. रांजणगावची कथा माहितीय ना? त्रिपुरासुराला वर मिळाला, त्या वराच्या जोरावर तो देवांनाच भारी पडला, शेवटी शंकराला त्याच्याशी लढावं लागलं आणि लढाईआधी इथे गणपतीची आराधना करावी लागली. ज्याला ताकद द्यायची त्याच्याशीच एक दिवस भिडायचं. १९८० च्या दशकात अफगाण मुजाहिदीनांना हत्यारं पुरवणाऱ्या अमेरिकेला कोणी तरी अष्टविनायकाची यात्रा घडवायला हवी होती.

असो. लोकडून आपल्याकडे यायला फार लांब जावं लागत नाही. १९४० च्या दशकात मुंबईच्या 'फ्री प्रेस जर्नल'मध्ये दोन तरुण व्यंगचित्रकार काम करत होते. एक आर. के. लक्ष्मण, दुसरे बाळ ठाकरे. पुढे दोघांच्या वाटा किती वेगळ्या झाल्या ते तुम्हाला सांगायला नको. एकाने 'टाइम्स ऑफ इंडिया'त आयुष्य काढलं, दुसऱ्याने १३ ऑगस्ट १९६० ला 'मार्मिक' काढलं आणि मग इतिहास घडवला. पण दोघांचाही गुरू एकच, डेव्हिड लो. लक्ष्मण तर लहानपणी पेपरातली त्याची सही 'लो' न वाचता 'काऊ' अशी वाचायचे! मैसूरमधला एक मुलगा, गायीच्या नावाच्या माणसाची चित्रं बघतोय, आणि चित्रांत हिटलर-मुसोलिनी. आंतरराष्ट्रीय व्यंगचित्र आपल्याकडे असं आलं.

लक्ष्मण यांनी त्यात आपलं काय घातलं? कोपरा. चौकड्यांचा कोट, धोतर, गोल चष्मा, टकलाच्या कडेला उरलेले केस आणि तोंडातून चकार शब्द नाही. कॉमन मॅन. मंत्र्यांच्या मिटिंगला हा हजर, विमानतळावर हजर, परदेशी पाहुणे आले तरी मागे उभा. लोच्या चित्रातला जमिनीवरचा माणूस मेलेला होता. लक्ष्मण यांनी त्याला उभा केला आणि साक्षीदार बनवला. तो बोलत नाही, कारण त्याला कोणी विचारत नाही. पण तो बघतोय हे आपल्याला दिसतं आणि तो बघतोय म्हणून पुढारी मूर्ख दिसतात.

अवकाश स्पर्धेवरचं त्यांचं ते गाजलेलं चित्र आठवा. चंद्रावर पाठवायला माणूस शोधतायत आणि आपला कॉमन मॅन पुढे केला जातो. हा घ्या, याला पाणी लागत नाही, अन्न लागत नाही, हवा-उजेड-निवारा काहीच लागत नाही, हा कुठेही जगू शकतो! अमेरिका-रशियाच्या शर्यतीवरचं चित्र आहे, पण फटका बसलाय दिल्लीला. जोक गरिबावर नाहीये. ज्यांनी त्याला असं जगायला लावलं त्यांच्यावर आहे.

हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण कोपऱ्यात गरीब माणूस काढला की चित्र आपोआप चांगलं होतं असं नाही. २०१४ च्या सप्टेंबरमध्ये आपलं मंगळयान मंगळाच्या कक्षेत पोचलं. साडेचारशे कोटींत! त्यानंतर 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये एक कार्टून आलं. 'एलिट स्पेस क्लब'च्या आत दोन सुटाबुटातले साहेब पेपर वाचत बसलेत आणि दारावर पागोटेवाला शेतकरी, हातात गायीचं दावं, टकटक करतोय. आपल्याकडे भडका उडाला आणि पेपरला माफी मागावी लागली. २०२३ मध्ये लोकसंख्येत आपण चीनला मागे टाकणार अशी बातमी आली, तर जर्मनीच्या 'डेअर श्पीगल'ने टपापर्यंत माणसांनी लगडलेली भारताची जुनी गाडी चीनच्या चकाचक बुलेट ट्रेनला ओव्हरटेक करतेय असं काढलं. पुन्हा संताप.

आता यात राग कशाचा? आमच्या बसमध्ये यावर जोरदार चर्चा झाली. एक सीनियर काका म्हणाले, "अगं, शेतकरी दाखवला तर काय चुकलं? मी शेतकऱ्याचाच मुलगा, गायही आहे घरी." पॉइंट बरोबर आहे. शेतकरी असणं, गाय असणं, गाडीच्या टपावर बसणं यात लाज वाटण्यासारखं काहीच नाही. कोणी असंही म्हणेल की चित्रकाराला आतल्या साहेबांनाच चिमटा काढायचा होता. असेलही. पण चित्रात कॅमेरा कुठे ठेवलाय ते बघा. तो त्या शेतकऱ्याच्या बाजूला नाहीये. तो क्लबच्या आत, सोफ्यावर बसलाय. दार उघडल्यावर जे दिसलं ते काढलंय. लक्ष्मण कॉमन मॅनच्या खांद्याला खांदा लावून उभे राहतात आणि सोफ्यावरच्यांना काढतात. माणूस तोच, कोपरा तोच, पण कोणावर हसायचं ते बदललं की चित्राचा धर्म बदलतो.

आता परत घरी, म्हणजे पुणे जिल्ह्यात. कारण आंतरराष्ट्रीय मैत्री आणि दुश्मनीचं सगळ्यात भारी कार्टून गेल्या काही वर्षांत कोणी कागदावर काढलं नाही. ते तळेगावात घडलं. तळेगाव पुण्याच्या दुसऱ्या टोकाला, पण गोष्ट आमच्या पट्ट्यातल्या प्रत्येकाने जीव मुठीत धरून वाचली. तिथे अमेरिकेच्या जनरल मोटर्सचा कारखाना होता. कंपनीने २०१७ च्या शेवटी भारतात गाड्या विकणं थांबवलं आणि कारखाना विकायला काढला. गिऱ्हाईक कोण, तर चीनची ग्रेट वॉल मोटर्स. १५ जून २०२० ला महाराष्ट्र सरकारने या कंपनीबरोबर ३,७७० कोटींचा करार केला. १५ जूनच्या त्याच रात्री गलवानमध्ये चिनी सैन्याशी चकमक झाली आणि आपले वीस जवान गेले. आठवड्याभरात चिनी कंपन्यांचे तीन करार थांबवल्याचं सरकारने जाहीर केलं, त्यात हाही होता. डिसेंबर २०२० मध्ये तळेगावच्या कारखान्यातलं उत्पादन बंद पडलं. हजाराहून जास्त कामगार त्यानंतर भरपाईसाठी भांडत राहिले. २०२२ मध्ये चिनी कंपनीने नाद सोडला. २०२३ मध्ये कोरियाच्या ह्युंदाईने तो कारखाना घ्यायचा करार केला.

आता हे व्यंगचित्रकाराच्या डोळ्यांनी बघा. अंकल सॅम खुर्चीवरून उठतोय, ड्रॅगन बसायला निघालाय, मध्येच खुर्ची ओढली जाते, मग कोरियाचा वाघ येऊन बसतो. संगीत खुर्ची! धमाल चित्र होईल. पण खुर्चीखाली कोण होतं?

त्या जून महिन्यात आमच्या बसमध्ये एका सीटवर एकच माणूस, तोंडाला मास्क, आणि सगळ्यांच्या मोबाइलवर एकच प्रकारची कार्टून्स. जवानाचा बूट आणि त्याच्याखाली चिरडलेला ड्रॅगन. परभणीकडचा एक मुलगा माझ्या मागे बसायचा. आयटीआय झालेला, कंत्राटी, कारेगावात तिघांत एक खोली. तो ज्या छोट्या वर्कशॉपमध्ये होता त्यांचा बहुतेक माल एका चिनी नावाच्या फ्रिजमध्ये जायचा. त्याचा चुलतभाऊ सैन्यात, लेहच्या बाजूला. त्याने मोबाइल पुढे करून मला विचारलं, "ताई, हे गावच्या ग्रुपवर टाकू का? भावासाठी टाकावंसं वाटतंय. पण आई विचारेल, हा ड्रॅगन म्हणजे तुझी कंपनीच ना रे?"

मला उत्तर सुचलं नाही. आजही पटकन सुचत नाही. त्याचा राग खरा होता. वीस घरांतली माणसं गेली होती, त्यावर कोणाला संताप येणार नाही? आणि त्याची भीतीही तेवढीच खरी होती. दोन्ही एकाच माणसात, एकाच सीटवर. त्या कार्टूनमध्ये एकच गोष्ट मावत होती. त्यात बूट होता, ड्रॅगन होता. पण एका हातात भावाचा फोटो आणि दुसऱ्या हातात गेटपास घेतलेला हा मुलगा नव्हता. असता तर ते चित्र कमी देशभक्त झालं असतं असं मला वाटत नाही. जास्त खरं झालं असतं.

आणि प्राण्यांचा भरवसा काय हो! २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्क्यांपर्यंत टॅरिफ लावलं. महिना संपता संपता तिआनजिनच्या परिषदेत मोदी, शी जिनपिंग आणि पुतिन हसत हसत एकत्र दिसले. ड्रॅगन आणि हत्तीच्या जोडीची भाषा तर खुद्द चीनच्या बाजूनेच चालू होती. लगेच मोबाइलवर ड्रॅगन आणि हत्ती फेर धरून नाचायला लागले, अस्वल ढोल वाजवतंय, अंकल सॅम रुसून कोपऱ्यात. ग्रुप तोच, फॉरवर्ड करणारे हातही तेच. पाच वर्षांपूर्वी ज्याला चिरडत होतो त्याच्याबरोबर गरबा. मी यात कोणाला नावं ठेवत नाही. राजकारणात असंच असतं, उद्या पुन्हा बदलेल. पण दरवेळी जो आनंद किंवा जो राग आपण पुढे ढकलतो, त्याचं बिल कारेगावच्या खोल्यांमध्ये येतं. ऑर्डर वाढली तर ओव्हरटाइम, ऑर्डर थांबली तर 'उद्यापासून येऊ नका'.

त्यातून खरी मैत्री कशी दिसते हे बघायचं असेल तर आमच्याच रस्त्यावरची एक गाडी बघा. इटलीची फियाट आणि आपले टाटा यांनी मिळून चालवलेला रांजणगावचा कारखाना. तिथून २०१७ मध्ये जीप कंपास बाहेर पडली. ब्रँड अमेरिकन, मालक इटालियन, भागीदार भारतीय, आणि काही गाड्या बोटीने गेल्या ब्रिटन-ऑस्ट्रेलिया-जपानला. २०२१ मध्ये तीच फियाट-क्रायसलर फ्रान्सच्या प्यूजोवाल्यांबरोबर एक झाली आणि नवीन कंपनीचं हेड ऑफिस नेदरलँड्समध्ये. आता सांगा, या गाडीचा कुठला प्राणी काढणार? सिंहाचं तोंड, हत्तीचे पाय, गरुडाचे पंख? आपल्या शिल्पांमधला शरभ परवडला! देश म्हणजे एकच प्राणी हे सोपं गणित १८७८ मध्ये अर्धं तरी बरोबर असेल. आता एका बॉनेटखाली पाच देश असतात आणि नट आवळणारा बीडचा असतो.

म्हणून कार्टून्स बघायची नाहीत का? छे! उलट जास्त बघा. ज्या देशात नेत्यांच्या मिठ्यांवर हसता येतं तिथे श्वास घ्यायला जागा असते. ही जागा कमी होतेय हीच काळजी आहे. 'न्यूयॉर्क टाइम्स'ने एका कार्टूनवरून झालेल्या गदारोळानंतर २०१९ मध्ये आपल्या आंतरराष्ट्रीय आवृत्तीतली रोजची राजकीय व्यंगचित्रंच बंद करून टाकली. एक चित्र खटकलं म्हणून सगळी पेन्सिलच मोडली. त्यामुळे ज्यांचा हात चांगला आहे त्यांना दाद द्या, विकत घेऊन वाचा, नावासकट शेअर करा. चित्रकाराची सही कापून फॉरवर्ड करणं ही चोरीच आहे, बॉस.

फक्त पुढे ढकलण्याआधी तीन सेकंद द्या. एक, यात कोपऱ्यात कोणी आहे का? दोन, असेल तर चित्रकार त्याच्या बाजूला उभा आहे की त्याच्यावर हसतोय? तीन, कोणीच नसेल तर तिथे कोण असायला हवं होतं? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर बऱ्याचदा तुमच्या ऑफिसमध्ये, तुमच्या बिल्डिंगच्या गेटवर, किंवा आरशात सापडेल.

या वीकेंडला मॉलचा कंटाळा आला असेल तर दोन पत्ते देते. सेनापती बापट रोडवर सिम्बायोसिसच्या आवारात २००१ पासून कॉमन मॅन ब्राँझमध्ये उभा आहे. आणि बालेवाडीत आर. के. लक्ष्मण यांच्या चित्रांचं म्युझियम आहे, २०२२ मध्ये सुरू झालेलं. लक्ष्मण शेवटची वर्षं पुण्यातच होते, २६ जानेवारी २०१५ ला इथेच गेले. प्रजासत्ताक दिनालाच. कॉमन मॅनने यावर नुसता चष्मा नीट केला असता.

मला चित्रं काढता येत नाहीत, नाही तर एक नक्की काढलं असतं. कारेगावचा नाका, पहाटेची वेळ. चहाच्या टपरीवर हत्ती, ड्रॅगन, अस्वल, अंकल सॅम, कोरियाचा वाघ, सगळे कटिंग पितायत. कोण कोणाच्या खांद्यावर हात ठेवून, कोण कोणाकडे पाठ करून. आणि टपरीवाला गाळणं हातात धरून एकच प्रश्न विचारतोय, जो कुठल्याच शिखर परिषदेत कोणी विचारत नाही: "ते सगळं ठीक आहे साहेब, पण पैसे कोण देणार?"